सड्यावरचं विरजण

सरकारी दप्तरात 'पडीक' हा शब्द ज्याने पहिल्यांदा लिहिला, तो माणूस मला एकदा भेटायला हवा होता. मे महिन्यात मी त्याला अनवाणी कातळावर उभा केला असता. मग भाद्रपदात तिथेच परत आणून पायाखालच्या निळ्या-पिवळ्या फुलांकडे बोट दाखवलं असतं आणि विचारलं असतं, की सांगा साहेब, यातलं पडीक काय? तो काही आता भेटत नाही, त्यामुळे त्याच्या वाटणीचा राग जे भेटतात त्यांच्यावर निघतो. निवृत्त झाल्यापासून हेमांगीचा स्वभाव बिघडला, असं आमच्या घरात बोलतात. स्वभाव पहिल्यापासून असाच आहे. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते तोवर तो पोरांवर निघायचा, एवढंच.

सडा म्हणजे कोकणातल्या डोंगराचा सपाट माथा. जांभ्या दगडाचा, उघडा, उन्हाळ्यात तव्यासारखा तापणारा. राजापूर तालुक्यातल्या भुवडवाडीच्या डोक्यावर असा एक सडा आहे, आणि चार वर्षं त्याचा एक मोठा तुकडा माझ्या नावावर होता. हरित ताबा कायदा आला तेव्हा मी तो घेतला. शेतकरी असल्याचा दाखला नसलेल्या माणसालाही पडीक जमीन मिळेल, अट एवढीच, की पाच वर्षांत ती बारमाही हिरवी करून दाखवायची. दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी उपग्रह वरून बघणार. पाचव्या मे महिन्यात हिरवी दिसली तर जमीन कायमची तुमची. नाही दिसली, तर ती रांगेतल्या पुढच्या अर्जदाराला, आणि त्या रांगेत गावच्या माणसाला पहिला मान.

माझे वडील जन्मभर भाड्याच्या खोल्यांमधून फिरले. कुंडीत लावलेली तुळससुद्धा घर सोडताना मागे ठेवावी लागायची. आपली म्हणावी अशी जमीन मला हवी होती, आणि ती नीट सांभाळायची होती. शहरातून येऊन कुंपण घालणाऱ्या आणि शनिवार-रविवारी दारू प्यायला येणाऱ्या लोकांची मला चीड होती. म्हणून मी 'जबाबदार भूधारक' नावाचा सरकारी अभ्यासक्रम पहिल्या वर्गात पास झाले. उतार कसा बघायचा, झाडं कुठली लावायची, पाणी कसं अडवायचं, सगळं त्यात होतं. तुमच्या जमिनीच्या खाली राहणारी माणसं पाणी कुठलं पितात ते विचारा, एवढं एक वाक्य मात्र त्यात कुठेच नव्हतं.

कातळावर झाड लावणार कुठे, हा पहिलाच प्रश्न होता. तो माझ्या धाकट्या भावाने सोडवला. नंदन मृदाशास्त्रज्ञ, आणि त्याच्या कंपनीने नेमकं याचसाठी एक जीवाणू तयार केला होता. त्याने मला समजावलं ते असं. जांभा दगड म्हणजे मुळात गंज. लाखो वर्षांच्या पावसाने बाकीचं सगळं धुऊन नेलं आणि लोखंड आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली, तोच हा दगड. काही जीवाणूंना हवा मिळाली नाही, तर ते गंजावर श्वास घेतात. आपण जसा ऑक्सिजन वापरतो तसं ते गंजातलं लोखंड वापरतात. मग ते लोखंड पाण्यात विरघळतं आणि त्याने बांधून ठेवलेला दगड भुसभुशीत होतो. निसर्गात हे इतकं सावकाश चालतं, की माणसाच्या आयुष्यात दिसत नाही. कंपनीने त्या जीवाणूंना घाई शिकवली होती. कातळावर त्यांचा बुळबुळीत थर द्यायचा, वर पालापाचोळा पसरायचा आणि बारीक नळीने थेंबथेंब मळीचं पाणी सोडायचं, म्हणजे त्यांना खायला साखर. दोन पावसाळ्यांत वीतभर माती.

वाडीतल्या बायकांनी पहिल्याच दिवशी त्याचं कंपनीतलं नाव पुसून टाकलं. त्या त्याला विरजण म्हणू लागल्या.

सुरुवात करण्याआधी मी गावाची परवानगी घेतली. कायद्याने लागत नव्हती, तरी घेतली, आणि त्याचा मला केवढा अभिमान वाटत होता. देवळासमोरच्या सहाणेवर, म्हणजे दगडी चौथऱ्यावर, गावकी म्हणजे गावच्या पुरुषांची बैठक बसली. गावकीचे प्रमुख, गावकर सोनू भुवड यांनी मला पुरुषांच्या बरोबरीने सतरंजीवर बसवलं. वाडीत आजवर कुठल्या बाईला तिथे बसायला मिळालं नव्हतं, हे मला कोणीतरी कौतुकाने सांगितलं, आणि मी मूर्खासारखी सुखावले. देवळापर्यंत रस्ता करून द्यायचा, या बोलीवर गावकीने होकार दिला. मग सोनूभाऊंनी नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घातलं: "बा महाराजा, ही बाय परमुलखातना आली हाय. तिच्या हातना काय चुकला-माकला तर पोटात घाल, नि तिच्या कामाला यश दे."

सगळे पुरुष एका आवाजात "व्हय महाराजा" म्हणाले. बायका लांब पिंपळाखाली उभ्या होत्या. त्यांना कोणी काही विचारलं नाही. मीही नाही. मला आत बसायला मिळालं होतं ना.

नंतरची तीन वर्षं छान गेली, हे कबूल करायला आज जीव नको होतो. विरजण लागलं. कातळ मऊ झाला, तांबडी माती दिसू लागली, तिच्यात काजू, करवंद, आवळा तरारले. दर मे महिन्यात उपग्रह माझ्या तुकड्याला शाबासकी देत होता. नळ्या अंथरायच्या, पाला पसरायचा, या कामाला वाडीतल्या बायका येत, आणि त्यांच्यात पुढे असायची प्रमिला भुवड. पस्तिशीची, काटक, जिभेने तिखट. आमचं जमलं ते त्या जिभेमुळेच. दुपारी तिच्या ओटीवर बसून मी तिच्याकडून गावातल्या यच्चयावत भांडणांचा इतिहास ऐकला. मी चहा पीत नाही, त्यामुळे ती मला ताक द्यायची. चहा पीत असते तर सगळं वर्षभर आधी कळलं असतं.

चौथ्या वर्षी, होळीनंतर, तिच्या घरचं ताक संपलं होतं म्हणून तिने चहा पुढे केला. तो काळा होता. दूध घातलेला चहा, आणि रंग शाईचा. ती ओशाळली आणि दुकानदाराला शिव्या घालू लागली, की अलीकडे चहापूड भेसळीची येते, भातसुद्धा लालसर होतो, तांदूळही मेल्याने बदललाय. मी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. चहातलं टॅनिन आणि पाण्यातलं लोखंड एकत्र आलं, की असाच काळा रंग येतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, यांची शाई करत, ती याच न्यायाने. तीस वर्षं मी हा प्रयोग पोरांना करून दाखवला होता. भेसळ चहापुडीत नव्हती.

मी तिला झऱ्यावर घेऊन चल म्हटलं. भुवडवाडीला घरोघर नळ आहेत आणि रंगवलेली टाकीही आहे, पण त्या टाकीत पाणी येतं ते सड्याच्या पोटातून निघणाऱ्या त्याच एका झऱ्याचं. झऱ्याच्या तोंडाशी नारिंगी शेवाळासारखा साका बसला होता. धार पूर्वी मनगटाएवढी असायची, आता करंगळीएवढी झाल्याचं प्रमिलाने सांगितलं. गेल्या वर्षीपासून कमी होत होती. मला का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. सोनूभाऊंना सांगितलं होतं, ते म्हणाले उन्हाळाच कडक आहे, असं ती म्हणाली.

काय झालं ते मला तिथे उभ्या उभ्या दिसलं. जांभा कातळ वरून ठणठणीत वाटला, तरी आतून तो भोकाभोकांचा असतो. पावसाचं पाणी त्या भोकांतून खाली झिरपतं, खालच्या पांढऱ्या चिकणमातीवर अडतं आणि डोंगराच्या कडेला झरा होऊन बाहेर येतं. उघडा, ओसाड, पडीक म्हणतात तो सडा हीच या वाडीची विहीर होती. विरजणाने विरघळवलेलं लोखंड याच वाटेने उतरलं. पावसाळ्यात सगळं पाण्याने भरलेलं, तोवर ते विरघळलेलं राहिलं. पाऊस सरून भोकांत हवा शिरली, की त्याचा पुन्हा गंज झाला आणि तो जागच्या जागी बसला. पाणी लाल झालं ही त्यातली लहान गोष्ट. पाण्याची वाटच बुजत चालली होती, आणि आणखी एखाद्या पावसाळ्याने ती कायमची बंद झाली असती.

नंदनला मी त्याच संध्याकाळी बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवशी तो आला, झरा बघितला आणि साका बोटावर घेऊन चोळला. मग जे बोलला त्याने माझं डोकं फिरलं. कंपनीने चाचण्या केल्या होत्या, भरपूर केल्या होत्या, पण त्या जिथे खाली वस्ती नाही अशा सड्यांवर. परवानगी लवकर मिळावी म्हणून. मी विचारलं, हे तुला माहीत होतं? तो म्हणाला, माहीत होतं, पण असं होईल असं वाटलं नव्हतं. वाटलं नव्हतं! पोरांनी प्रयोगवहीत असं लिहिलं असतं, तर मी वही खिडकीबाहेर फेकली असती.

उपाय एकच होता. मळी बंद करून भागणार नव्हतं, कारण आता झाडांची मुळंच विरजणाला साखर पुरवत होती. झाडं उपटायची, माती खरवडायची, कातळ पुन्हा उन्हाला आणि वाऱ्याला उघडा करायचा. हवा लागली की ते जीवाणू मरतात. हे सगळं पावसाच्या आत करायचं.

"ताई, एक वर्ष थांब," नंदन म्हणाला. "पुढच्या मे महिन्यात पाचवं वर्ष भरतं. जमीन कायमची तुझी झाली की काढ सगळं. मग कोण विचारतंय?"

मी लगेच नाही म्हटलं, असं लिहायला मला आवडलं असतं. बोलत बोलत आम्ही सड्यावर आलो होतो आणि मी माझ्याच झाडांच्या सावलीत उभी होते. हातांनी लावलेला आवळा माझ्या खांद्याला लागत होता. वडिलांच्या भाड्याच्या खोल्या डोळ्यांसमोर आल्या. मग मी त्याला विचारलं, की आणखी एक पावसाळा गेला तर किती भोकं उघडी राहतील? तो म्हणाला, सांगता येत नाही. मी म्हटलं, तुला सांगता येतं, तुझा धंदाच तो आहे.

"नाही राहणार," तो म्हणाला.

मी गावकी बोलावली. सगळं उलगडून सांगितलं, कातळ, भोकं, गंज. सोनूभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, की रस्ता अर्धाच झालाय, काजू लागायच्या बेतात आहे, नळयोजनेचं दुसरं पाणी आज ना उद्या येईलच, तेव्हा मे महिना गेल्यावर बघू. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं सतरंजी ओढून काढावी. यांच्यातल्या एकानेही जन्मात हंडा उचलला नव्हता. मी तसं म्हणाले. सोनूभाऊ म्हणाले, बाई, गावकीत असं बोलत नाहीत.

बाहेर पिंपळाखाली बायका उभ्या होत्या. मला वाटलं, निदान या तरी माझ्या बाजूच्या. प्रमिला पुढे आली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळेच मला जास्त लागलं.

"आता सांगताव आमाला? चार वर्सं माज्या ओटीवर बसलाव, ताक प्यालाव. सड्याचा काय करू, असा एकदा तरी इचारलाव? पानी आमी भरतांव, नि इचारलाव कोनाला, तर त्या बाप्यांना."

मी गावकीवर रागावले होते, कंपनीवर रागावले होते, भावावर रागावले होते, आणि ते सगळे राग खरे होते. पण हिच्या रागापुढे ते सगळे सोयीचे वाटू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुदळ घेऊन सड्यावर गेले आणि एकटीने आवळ्यापासून सुरुवात केली. झाड उपटताना मुळांना चिकटून दगडाचे मऊ लगदे वर येत होते. वासही यायचा, गटारासारखा. आवळा, मग करवंदं, मग काजूची रांग. प्रत्येक झाड मी लावलेलं होतं आणि प्रत्येकाशी मी भांडत होते. हात सोलले. वाटेने जाणारे पुरुष थांबून बघायचे आणि शहरातली बाई खुळावली म्हणून पुढे जायचे.

तिसऱ्या सकाळी बायका आल्या. फावडी, घमेली, डोक्याला पदर घट्ट बांधलेला. मी आभार मानायला तोंड उघडलं, तर प्रमिलाने हात वर केला. "तुमच्यासाठी नाय आलांव आमी," ती म्हणाली आणि घमेलं भरू लागली.

माती उतारावरून खाली ढकलायची नव्हती, नाहीतर ती पुन्हा झऱ्यातच गेली असती. कातळावर पातळ पसरून उन्हात कोरडी करायची आणि गोणीत भरून दूर न्यायची. त्यासाठी ट्रक नंदनने पाठवला. स्वतः आला नाही. कंपनीत त्याचं काय झालं ते मला दुसऱ्यांकडून कळलं, आणि त्या राखीपौर्णिमेला त्याचा फोन लागला नाही. वळीव यायच्या आत सडा जवळजवळ उघडा झाला. मऊ पडलेला कातळ विद्रूप दिसत होता, खरजेने खाल्लेल्या कातडीसारखा.

मे महिन्याच्या शेवटी उपग्रहाने बघितलं आणि आठवडाभरात एक तरुण अधिकारी आला. नम्र होता, पाणी दिलं तर थँक्यू म्हणाला. हातातल्या यंत्रावर त्याला हिरवळ जाण्याचं कारण नोंदवायचं होतं. दुष्काळ, वणवा, रोगराई, निष्काळजीपणा, एवढेच पर्याय होते. मी त्याला म्हटलं, झरा लिहा. असा पर्याय नाही, तो म्हणाला. मी त्याला झऱ्यावर नेलं, साका दाखवला, चहासुद्धा करून दाखवला. त्याला पटलं, हे त्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं. मग त्याने मान खाली घालून निष्काळजीपणावर बोट ठेवलं. लावलेली हिरवळ निष्काळजीपणाने घालवली, तर कायदा पाच वर्षं थांबत नव्हता. त्या एका बोटाने माझी जमीन गेली आणि महाराष्ट्रात पुन्हा जमीन घेण्याचा हक्कही गेला. चार वर्षं मी सड्याचं वाटोळं करत होते तेव्हा शाबासकी देणाऱ्या त्या यंत्रणेने, पहिल्यांदा मी बरोबर वागले त्या दिवशी मला नालायक ठरवलं. मी त्याच्यावर ओरडले. तो बिचारा उभा राहून ऐकत होता.

सडा आता रांगेतल्या पुढच्याला मिळणार होता, आणि कंपनी नवीन गिऱ्हाईक शोधून पुन्हा विरजण लावणार, याबद्दल मला शंका नव्हती. त्याच विचाराने मला झोप लागत नव्हती. पण प्रमिला कायदा वाचून बसली होती. गावकीत सड्याच्या अर्जावर सोनूभाऊंच्या मुलाचं नाव घालायचं ठरत होतं, तेवढ्यात तिने राजापूरला जाऊन अर्ज ठोकला. स्थानिक म्हणून तिला पहिला मान. पाच वर्षं जमीन तिची. त्या पाच वर्षांत ती तिथे गवताची काडी लावणार नाही, उपग्रह नापास करेल, जमीन सुटेल आणि पुढचा अर्ज तिच्या जावेचा असेल. त्यानंतर शेजारणीचा. गावकीत फार आरडाओरडा झाला म्हणे. सोनूभाऊंनी विचारलं, असं किती वर्षं चालवणार? प्रमिलाने उलट विचारलं, वाडीत बायका किती?

हे सगळं मला फोनवर कळत होतं, कारण मी परत शहरातल्या घरी आले होते. ती स्वतः फोन करत नव्हती. तिची जाऊ सांगायची.

भाद्रपदात मला राहवलं नाही. फुलं आली का बघायची होती. खरं सांगायचं तर माझा सडा बघायचा होता. तोंडात अजून तेच येत होतं. एसटीतून उतरून मी वाडीच्या वाटेने वर निघाले, तर प्रमिला झऱ्यावर हंडा भरत होती. नळाला टाकीत साठून तांबडं झालेलं पाणी येतं म्हणून पिण्याचं पाणी बायका वरून, धारेच्या तोंडाशी भरत होत्या. धार जाड झाली नव्हती. पण आटलीही नव्हती.

मी हसले, कसं काय विचारलं आणि नेहमीसारखी पायवाटेकडे वळले.

"बाई," ती मागून म्हणाली. "वर जायचा तर इचारून जायचा. जागा आता माजी हाय."

माझ्या अंगाची आग झाली. ज्या सड्यासाठी मी हात सोलून घेतले, भाऊ घालवला, त्याच्यावर पाय ठेवायला आता परवानगी? जिभेवर काय काय आलं ते मी इथे लिहीत नाही. ती माझ्याकडे बघत होती. तिला घाई नव्हती. मी ज्यांना विचारायला हवं होतं त्यांच्यातल्या एकीसमोर मी पहिल्यांदाच, काहीही हातात नसताना, उभी होते.

"प्रमिला," मी म्हटलं, "मी सड्यावर जाऊ का?"

हंडा अर्धाच भरला होता. तिने धारेखालचं एक पान काढून टाकलं, हंडा नीट बसवला आणि तो काठोकाठ भरेपर्यंत पाण्याकडे बघत उभी राहिली. मीही उभी राहिले.